दादा थोरल्यांच्या देशात आहे

जहाजावरून,
मंगळवार, ९ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तुझं उत्तर मला पाठ आहे. "मला काय धाड भरलीय." ती भरली नसेल असं धरून पुढे लिहिते.

मी बरी आहे. जहाज मोठं, माणसं ठीक, जेवण मात्र असं की आचाऱ्याचं आणि मिठाचं जुनं वैर असावं. खोलीत माझ्यासोबत जहाजावरच्या डॉक्टरीणबाई आहेत. कुणी आजारी पडत नाही म्हणून त्या दिवसभर कंटाळतात आणि झोपल्या की घोरतात. फोन केला नाही म्हणून फुगून बसू नकोस. इथले फोन ऐकले जातात, हे कुणी सांगत नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे. टपाल दर मंगळवारी भाजीपाल्याच्या बोटीबरोबर येतं आणि जातं. तेव्हा पत्रच बरं. तसंही फोनवर माझं महत्त्वाचं वाक्य आलं की तू नेमकी शेगडी बंद करायला पळतेस.

काम तेच, पाण्याखाली कॅमेरा चालवायचं. आम्ही त्याला खेकडा म्हणतो. समोर दिवे आणि एक लोखंडी हात, मागे लांबलचक केबल, आणि मी वर एका बिनखिडकीच्या कंटेनरमध्ये पडद्यासमोर बसून दांडी फिरवते. खाली सतत बारीक पांढरं काहीतरी पडत असतं. जरा घाई केली की तळाचा गाळ उठतो आणि मग तो बसेपर्यंत हात बांधून बसावं लागतं. मला हात बांधून बसणं किती जमतं ते तुला माहीत आहे.

यावेळी जागा तीच आहे, वहिनी. दादाची.

तू बातम्या पाहत नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. आपण घरात ज्यांना थोरले म्हणायचो ना, ते जुने दांडगे, आणि ज्यांना धाकटे म्हणायचो ते नवे पैसेवाले, दोघांचाही डोळा अजून आपल्या समुद्रातल्या वायूवर आहे. पाहुणे म्हणून आले की दोघं आपल्या मंत्र्यांच्या दोन बाजूंना बसतात आणि दोघंही त्यांच्या ताटात वाढतात. बारा वर्षांपूर्वी विहीर थोरल्यांना दिली होती. मग ती खोदणारी रिग वादळात बुडाली, बाकीची माणसं सापडली, एकटा दादा नाही सापडला आणि त्याने खोदून काढलेले खडकाचे नमुनेही नाही सापडले. आपल्या सरकारने जगाला सांगितलं, थोरल्यांनी आमचा भूगर्भतज्ज्ञ फोडला, नमुने घेऊन तो त्यांच्या बोटीत बसून गेला, म्हणून कंत्राट रद्द. ते रद्द झालं. आता तीच विहीर धाकट्यांना द्यायची आहे, आणि या महिनाअखेरीला सह्या आहेत. त्यांची नळवाहिनी कुठून न्यायची ते आम्ही पाहतोय. जहाजही त्यांचंच आहे. कंटेनरमध्ये माझ्या मागे त्यांचा एक निरीक्षक बसतो, मांडीवर थर्मास घेऊन. बोलत काही नाही. मी त्याला थर्मासवाला म्हणते.

रिग आम्हाला सापडली आहे. कुशीवर पडली आहे. आत अजून नीट पाहिलेलं नाही, गाळ फार आहे.

एक सांगून ठेवते. तुझ्याकडे कुणी येईल. गोड बोलेल, दादाचं नाव घेईल. कशावरही सही करू नकोस. बसायला खुर्ची दे, पाणी दे आणि वाटेला लाव.

आणि हो, दादाच्या बुटांचा नंबर काय होता? सहज विचारते आहे.

इथे झोप नीट लागत नाही. त्या कंटेनरमध्ये बसलं की मागे कुणीतरी खडा चावतंय असं वाटतं. आठवतं, तो मातीचं ढेकूळ दाताखाली धरून सांगायचा, ही माती किती बारीक आहे ते? आई ओरडायची. तसाच कचकच आवाज. मागे वळून पाहिलं की थर्मासवाला शांत बसलेला असतो. त्याच्या तोंडात काही नसतं.

तब्येतीला जप. औषधाची वेळ चुकवू नकोस.

तुझी,
धाकटी नणंद


जहाजावरून,
मंगळवार, १६ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आज बोटीने आलं. डेकवर उभी राहून वाचलं आणि मग कठड्याला धरून बराच वेळ तशीच राहिले. आचारी म्हणाला, समुद्र लागला वाटतं ताईंना. मी म्हटलं, हो.

तू लिहितेस, "नंबर आठ. पण उजवा पाय जरा मोठा, तो कायम आत बोटं दुमडून चालायचा. आता वयानं पाय सुजतही असतील, तू नऊच घे. आणि तू बूट घेते आहेस म्हणजे तुला पत्ता लागला का गं त्याचा? लपवू नकोस. मी रागावणार नाही."

वहिनी, मी मूर्ख आहे. विचारायला नको होतं. मी विचारलं कारण मला कुणाकडून तरी वेगळा नंबर ऐकायचा होता. दहा म्हणाली असतीस, सात म्हणाली असतीस, तर मी इथे नाचले असते.

आधी तुझ्या पाहुण्याचं. तुझ्याकडे आला तो थोरल्यांचा माणूस. तू त्याचं सगळं झकास लिहिलं आहेस, सूट, मऊ बोलणं, सोबत दुभाषी. तो म्हणाला, तुमच्या यजमानांची बदनामी झाली, फार वाईट वाटतं, बुडालेल्या रिगमध्ये शोध घ्या असा अर्ज तुम्ही करा, पत्नी म्हणून तुमचीच सही चालते. आणि तू त्याला म्हणालीस, "अहो, तो तुमच्याकडेच आहे ना? मलाच काय विचारता? थंडीचे कपडे आहेत का त्याच्याकडे, एवढं बघा." वाचताना हसू आलं मला. खरंच आलं. मग राहिलं नाही.

तो त्यांच्याकडे नाही, वहिनी. तो इथे आहे. मागचं पत्र लिहिलं तेव्हाच मी त्याला पाहिलं होतं.

सांगते. तू हे बसून वाच.

रिगच्या मागच्या अंगाला नमुन्यांची खोली होती. तिचं दार खेकड्याच्या हाताने ओढून पाहिलं तर हलेना. दाराची वरची काच फुटलेली होती, तिथून दिवा आत घातला. तू ओळखतेस ना, दादा खडकाच्या प्रत्येक तुकड्यावर दोन रेघा मारायचा, एक लाल, एक काळी, म्हणजे तुकडा उलटा ठेवला तर कळावं? तुझ्या डब्यांवरसुद्धा मारून ठेवल्या होत्या आणि तू कपाळाला हात लावला होतास. त्या रेघा होत्या. दिवा अगदी जवळ नेला तर लाल अजून लाल दिसतो. पेट्या एकावर एक, दोरखंडाने पक्क्या बांधलेल्या. एकही पेटी हललेली नाही. रिग आडवी झाली, तळाला गेली, बारा वर्षं झाली, आणि त्याच्या पेट्या जागच्या जागी आहेत.

दारही आतून बांधलेलं होतं. आदळून उघडू नये म्हणून बांधलं असणार. सगळे जीव घेऊन बोटींकडे धावत होते आणि आपला शहाणा दगड बांधायला आत गेला. दुसरा कुणीही हे केलं नसतं. मला त्याचा इतका राग आला की मी पडद्यावर हात आपटला. मग दिवा खाली वळवला. पेट्यांना पाठ लावून बसल्यासारखे बूट होते. उजवा जरा वाकडा झिजलेला. ते रिकामे नव्हते. त्याहून जास्त लिहीत नाही आणि तूही विचारू नकोस.

माझ्या मागून थर्मासवाल्याने हात लांब केला आणि रेकॉर्डिंग बंद केलं. मग थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "गाळ आहे. फक्त गाळ." माणूस वाईट नाही. त्याला कुणीतरी तिकडून विचारणार आणि त्याने उत्तर द्यायचं, एवढंच.

त्याच दुपारी आपल्या सरकारच्या सचिवसाहेबांचा फोन. म्हणजे कळलं होतं. मला ताई म्हणाले. वहिनी, मंत्रालयातला माणूस ताई म्हणायला लागला की समजावं आपलं काही खरं नाही. म्हणाले, ताई, दादा तिथे नमुन्यांसह सापडले तर थोरल्यांना काही विकलंच गेलं नव्हतं असं होईल. मग कंत्राट रद्द करणं खोटं ठरेल. विहीर परत त्यांना द्यावी लागेल, वर भरपाई. धाकटे रुसतील, नळ जाईल, वीज जाईल. मी म्हटलं, आणि आमच्या घरावर बारा वर्षं जे थुंकले लोक, त्याचं काय? ते म्हणाले, देशासाठी ताई.

नळवाहिनी बरोबर त्या रिगवरून जाणार आहे. वळसा घातला तर ती थोरल्यांच्या दोस्ताच्या पाण्यात शिरते. म्हणून पुढच्या गुरुवारी, २५ तारखेला, रिगवर दगड टाकून ती जागा भरायची आहे. दुसरं जहाज येईल, त्याच्या पोटातून लांब नळी खाली सोडतील आणि दगड ओततील. नळीचं तोंड कुठे हवं ते खालून दाखवायला खेकडा लागतो. खेकडा मी चालवते.

म्हणजे बघ कसं आहे. थोरल्यांना दादा वर यायला हवा आहे, झेंडा गुंडाळून, कॅमेऱ्यांसमोर, कारण तो वर आला की विहीर त्यांची. धाकट्यांना आणि आपल्या सरकारला तो खाली राहायला हवा आहे. खरं काय ते कुणालाच नको आहे, ज्याच्या सोयीचं आहे त्याला तेवढंच हवं. मला तो वर हवा आहे. थोरल्यांचं भलं झालं तर होऊ दे, खड्ड्यात गेले सगळे. आईने शेवटचा महिना भिंतीकडे तोंड करून काढला. कुणी भेटायला आलेलं तिला नको होतं.

रेकॉर्डिंग बंद व्हायच्या आधीचा तुकडा मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आहे. तो माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे.

आता जे लिहायचं टाळत होते ते. वहिनी, मी तुझ्यावर इतकी वर्षं मनातून चिडून होते. लोक दादाला फितूर म्हणायचे तेव्हा मी भांडायचे. मावसभावाच्या अंगावर पाण्याचा तांब्या ओतला, दोन नोकऱ्या सोडल्या. आणि तू? तू खाली मान घालून ऐकायचीस. एकदा तर वाण्यासमोर म्हणालीस, "असेल केलं त्यानं तसं. माणसाला मोह होतो." मला वाटलं, ही बायको म्हणायची का कोण? परवा त्या पडद्यासमोर बसले आणि कळलं. फितूर माणूस जिवंत असतो. तू त्या शिव्याच धरून बसली होतीस. शिव्या खऱ्या असल्या तर तो कुठल्यातरी गरम खोलीत आहे, जेवतो आहे, म्हातारा होतो आहे. मला म्हणाली होतीस आठवतं, "दुसरी बाई केली असेल तरी चालेल गं, वेळेवर खायला घालत असेल ना ती?" मी तेव्हा ताडकन उठून गेले होते.

आणि आता मी तुला सांगते आहे की तो निर्दोष आहे. माझ्या भावाला मी चांगला ठरवते आहे आणि तुझ्या नवऱ्याला मारते आहे. दोन्ही एकाच कागदावर.

सही तुझीच चालते, बहिणीची चालत नाही. तू नुसतं हो म्हण. त्या सूटवाल्याला बोलाव, अर्ज कर, मी पेनड्राइव्ह घेऊन पहिल्या बोटीने येते. बोट मंगळवारी येते आणि दगड गुरुवारी आहेत, म्हणजे तुझं उत्तर वेळेत पोचेल. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तो आवाज अजून येतो, वहिनी. आता मी मागे वळून बघत नाही.

हे पत्र दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, चिकटपट्टी लावून देते आहे. एकटी असताना उघडू नकोस. शेजारच्या काकूंना बोलाव.

तुझी आणि दादाची


जहाजावरून,
मंगळवार, ३० मार्च

प्रिय वहिनी,

तुझं २३ तारखेच्या बोटीने आलेलं पत्र मिळालं. लगेच उत्तर द्यायला हवं होतं, जमलं नाही.

तू लिहितेस, "तुझं पत्र बोटीत पार भिजलं गं. शाई सगळी पसरली. एक अक्षर वाचता आलं नाही. पुन्हा लिहायचा त्रास घेऊ नकोस, तू सुखरूप आहेस एवढं पुरे. इकडे सगळं ठीक. सूटवाला परत आला होता, मी म्हटलं मला बरं नाही, येऊ नका. तुझ्या दादाला शोधायला कुणाची गरज नाही, तो त्याच्या मनानं गेलाय, त्याच्या मनानं येईल. नाही आला तरी तिकडे बरा असू दे."

मी ते चार वेळा वाचलं. दोन पिशव्या आणि चिकटपट्टी, वहिनी. ते पत्र समुद्रात पडलं असतं तरी कोरडं निघालं असतं.

आणि खाली, सही झाल्यावर, कोपऱ्यात तू आणखी एक ओळ लिहिली आहेस. "दगडांचं काम तुझ्याच हातून व्हायचं असेल तर हळू कर. तुला नेहमी घाई असते."

दगडांचं मी फक्त त्याच पत्रात लिहिलं होतं.

मी रागावले, खोटं कशाला सांगू. दिवसभर रागावले. एवढा एक तुकडा होता माझ्याकडे, सगळ्यांच्या तोंडावर मारायला, आणि तू माझं पत्र वाचून घडी घालून ठेवलंस. वाटलं, तुला न विचारता सूटवाल्याला गाठावं. बोटीवर पाय ठेवायला निघालेसुद्धा, पिशवी खांद्याला होती. मग विचार आला की दादा वर आला, झेंडा गुंडाळला, बाजे वाजले, सगळ्यांनी माना झुकवल्या, की त्यानंतर संध्याकाळी तू घरी येऊन काय करशील? आईसारखी भिंतीकडे तोंड करशील? बोट गेली आणि मी डेकवरच राहिले.

गुरुवारी दगड टाकले. हळू टाकले. खेकडा मी त्या दारासमोर उभा केला आणि दिवे पूर्ण लावले. नळीचं तोंड आधी रिगच्या पुढच्या टोकाला नेलं, मग इंचाइंचाने मागे आणलं. दुसऱ्या जहाजावरचा मुकादम वायरलेसवर ओरडत होता, बाई झोपलात का, दुपारपर्यंत उरकायचं आहे. मी म्हटलं, गाळ बसू दे. दर खेपेला गाळ बसू दिला. दर खेपेला दार दिसलं की मगच पुढचे दगड सोडायला सांगितले. संध्याकाळ झाली. शेवटी काचेचा तुकडा तेवढा दिसत होता, मग तोही दिसेना. थर्मासवाला दिवसभर उभा होता, बसला नाही. संपल्यावर त्याने टोपी काढली आणि बाहेर गेला.

पेनड्राइव्ह शेवटच्या खेपेआधी मी छोट्या होडीतून त्या जहाजावर पाठवून नळीत टाकायला दिला होता. मुकादमाला सांगितलं, मोजमापाची खूण आहे, खाली जाऊ दे. त्याने दगडांत टाकला.

रविवारी सह्या झाल्या. जेवणघरात सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं. मंत्री हसत होते, धाकट्यांचे मोठे साहेब हसत होते, सचिवसाहेब मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. भाषणात मंत्री म्हणाले, ज्या फितुराने देशाचे नमुने विकले त्याला आज समुद्रानेच उत्तर दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी, मीही वाजवल्या. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी टाळ्या वाजवत होते.

आता मुख्य बातमी. तुला आवडेल म्हणून शेवटी ठेवली.

आमच्या भाजीच्या बोटीवर एक म्हातारा खलाशी आहे, जगभर फिरलेला. आज बोलता बोलता म्हणाला की गेल्या हिवाळ्यात तो थोरल्यांच्या एका बंदरात होता, तिथे त्याला एक आपल्याकडचा माणूस भेटला. उंच, थोडा वाकलेला, केस पूर्ण पिकलेले. उजव्या पायाने जरा जपून चालतो. बंदराच्या मागे चढाच्या रस्त्यावर त्याची खोली आहे, खिडकीखाली गरम नळ जातो, त्यामुळे थंडी वाजत नाही. एकटाच राहतो, पण खालच्या मजल्यावरची बाई त्याला जेवायला बोलावते, आणि ती चांगली आहे म्हणाला. खलाशाने नाव विचारलं तर सांगितलं नाही. एवढंच विचारलं, तिकडे सगळे बरे आहेत ना? खलाशी म्हणाला, बरे आहेत. मग तो माणूस खिशात हात घालून चढ चढून गेला.

तो दादाच होता, वहिनी. माझी खात्री आहे. त्याने नमुने विकले, लोक म्हणतात ते सगळं खरं आहे. तू काळजी करू नकोस. पुढच्या वेळी तो खलाशी तिकडे गेला की मी त्याला आणखी विचारायला सांगेन, आणि जे कळेल ते तुला दर मंगळवारी लिहीत जाईन.

तुझी,
फितुराची बहीण